गोकुळदासाने घातलेला बल्ब

गोकुळदास परब चोर नव्हता. हे वाक्य मला चार वर्षांपूर्वी चारचौघांत बोलता आलं असतं. तेव्हा मी नेमकं उलटं बोललो, आणि तेही मोठ्याने. म्हणून आता आधी हेच लिहून टाकतो, मग बाकीचं सांगतो.

डिचोलीत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. मी मूळचा दोडामार्गचा विजय गावस. इंजिन खोलायला सांगा, जेवण विसरेन. पण वायरी दिसल्या की माझं डोकं फिरतं. म्हणून वायरिंगला माणूस हवा होता आणि कुणीतरी पेडण्याहून गोकुळदासाला पाठवून दिलं. पन्नाशीचा, किडकिडीत, खांद्याला रेक्झिनची पिशवी. चष्म्याची एक काडी वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली. मला पहिल्या दिवशी तो बिलकूल आवडला नाही, कारण माणूस भयंकर सावकाश. गिऱ्हाईक पाव-भाजी खाऊन, बाजार करून परत यायचं, तरी याची पहिली वायर सोलून व्हायची नाही.

पण काम असं करायचा की बघत राहावं. वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून झाली की तिचं शेवटचं टोक तो बोटभर आत दुमडून ठेवायचा. मी एकदा वैतागून विचारलं, हे लाड कशाला?

"फुडे कोण उघडतलो, त्याची नखां तुटाक नयेत," तो म्हणाला.

जो माणूस अजून आलेला नाही त्याच्या नखांची काळजी! मी हसलो होतो. त्याचा दुसरा नेम म्हणजे मीटरमधले दिवे. गाडी कुठल्याही कामाला आलेली असो, तो आधी चावी अर्धी फिरवायचा आणि मीटरसमोर हात बांधून बसायचा. तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा, इंजिनाचा, सगळे दिवे एकदम लागले पाहिजेत. "सगळे पेटाक व्हये, मगे विझाक व्हये. जो दिवो पेटणाच नाय, तो खोटा बोलता," असं तो म्हणे. आम्ही त्याला गोकुळबाबाची आरती म्हणायचो. आरती झाल्याशिवाय तो पिशवीला हात लावायचा नाही.

जवळच सर्वणला त्याने एक खोली घेतली होती. शनिवारी पेडण्याला घरी जायचा, सोमवारी यायचा तेव्हा पिशवीत त्याच्या बायकोने, चंद्रावतीवहिनीने दिलेला स्टीलचा डबा असायचा. कधी तळलेले गरे, कधी नाचणीचे लाडू. तो डबा माझ्या रत्नासाठी. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून रत्ना त्यात काहीतरी घालून पाठवायची, तो भरलेला येतो म्हणून वहिनी पुन्हा भरायच्या. या दोघी आयुष्यात दोनदाच भेटल्या असतील, पण डबा सहा वर्षं जात-येत राहिला.

आता त्या दिवसाचं सांगतो.

सर्वेश म्हणून सुर्ल्याचा एक माणूस आहे. पूर्वी खनिजाच्या ट्रकावर होता, आता स्वतःची छोटी पांढरी गाडी बाळगून आहे. त्या गाडीच्या मीटरचा काटा हलत नव्हता. गोकुळदासाने डॅशबोर्ड उघडला, एक दिवस लावून वायरिंग नीट केलं, गाडी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेश तणतणत दारात हजर. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता आणि विझायला तयार नव्हता.

"माझे गाडीत हो दिवो कधीच लागूक नाय," तो म्हणाला. "तुमच्या वायरमनान हात लावल्यान आणि लागलो."

मी नुकताच बेळगावहून नवा स्कॅनर आणला होता. त्याची पिन स्टिअरिंगखालच्या सॉकेटात घातली की इंजिनाचा कॉम्प्युटर आपलं दुखणं आकड्यांत सांगतो. जुना स्कॅनर अर्ध्या गोष्टींवर नुसतंच प्रश्नचिन्ह दाखवायचा. हा सगळं वाचत होता. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा मी कुणाची तरी गाडी बिघडायची वाटच बघत होतो. मोठ्या ऐटीत पिन घातली. पडद्यावर आलं: पी शून्य सहाशे तीस.

हा कोड मी आधी पाहिला नव्हता, पण स्कॅनरनेच अर्थ दिला. प्रत्येक गाडीच्या कॉम्प्युटरात त्या गाडीचा चासी नंबर लिहिलेला असतो. ती त्याची ओळख. ती गाडीशी जुळली नाही की हा कोड येतो. मी कॉम्प्युटरातला नंबर वाचला: शेवटचे आकडे साठ अडतीस. बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचला: एकेचाळीस बहात्तर. दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"सर्वेश, हो कॉम्प्युटराचो डबो तुझ्या गाडीचो न्हय," मी म्हणालो. "कोणीतरी बदललो हा."

तिथे पाच-सहा माणसं होती. शेजारचा टायरवाला, चहा घेऊन आलेला पोरगा, दोन गिऱ्हाइकं. सर्वेशने विचारलं, डॅशबोर्ड शेवटी कुणी उघडला होता? आणि सगळ्यांच्या माना गोकुळदासाकडे वळल्या. मला अजून वाटतं, तेव्हा मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. विचार करायला दोन दिवस मागून घेतले असते. पण हातात नवं यंत्र, समोर पाच माणसं, आणि जीभ पहिल्यापासून सैल.

"गोकुळदास," मी म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा नुसतं गोकुळदास म्हणालो, बाब म्हणालो नाही. "खंय विकलंस?"

त्याला आधी कळलंच नाही. हातातली चिकटपट्टी त्याने पिशवीत ठेवली. मग म्हणाला, "मीटरात त्या दिव्याचो बल्ब नाय होतो. तो मी घातलंय. बाकी कशाक हात लावूक नाय."

"बल्बाचा काय सांगतंस माका! कॉम्प्युटराचा बोल!"

"बल्ब नाय होतो, विजय," तो पुन्हा म्हणाला.

"मशीन खोटा बोलणा नाय," मी ओरडलो. "माणूस बोलता."

सर्वेश म्हणाला, देवीपुढे नारळ ठेवून शपथ होऊन जाऊ दे. आमच्याकडे अजून तशी पद्धत आहे. पोलिसांत गेलं तर वर्षानुवर्षं हेलपाटे, आणि पोलिसांसमोर खोटं बोलायला कुणी भीतही नाही, गावच्या सातेरी देवीसमोर भितात. गोकुळदास लगेच तयार झाला. फक्त एवढंच म्हणाला की एकटा नारळ ठेवणार नाही. गॅरेजात दोघांचे हात फिरतात, तर विजयनेही ठेवावा. मला राग आला, पण नाही म्हणायला मी काय भितो की काय! गेलो.

दोन नारळ देवीपुढे ठेवले. गोकुळदासाने त्याच्या नारळावर हात ठेवून सांगितलं की या गाडीचा कॉम्प्युटर मी बदललेला नाही. मग मी माझ्या नारळावर हात ठेवला आणि तेच सांगितलं, छाती पुढे काढून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी म्हणाला, "खोटा कोण बोललो असात, त्याच्या घरात तू बघ गे माये." गोकुळदासाने डोळे मिटून हात जोडले. मी मात्र त्याच्याकडे बघत होतो, तोंड कसं करतो ते पाहायला.

त्याच दुपारी तो पेडण्याला गेला. मी सर्वेशला दुसरा कॉम्प्युटर बसवून, नंबर लिहून दिला, जुना काढून फळीवर टाकला. गावात बोलणं पसरायला वेळ लागत नाही, आणि पेडणं काही सातासमुद्रापलीकडे नाही. त्याला पुन्हा कुणी वायरिंगला बोलावलं नाही, असं ऐकलं. चंद्रावतीवहिनीचा शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला. रत्ना तो घासूनपुसून वरच्या फळीवर ठेवायची. "तो माणूस असा करुचो नाय," एवढंच ती म्हणायची, आणि मी जेवणाच्या ताटावरून उठायचो. दोन वर्षांनी वहिनी गेल्याचं कळलं. पोटाचं दुखणं होतं, महिन्याभरात संपल्या. रत्ना म्हणाली, जाऊन येऊया. चोराच्या दारात कशाला, मी म्हणालो. गेलो नाही. तिलाही जाऊ दिलं नाही.

या वर्षी गणपतीनंतर लाटंबार्शाच्या कमलबाई त्यांची गाडी घेऊन आल्या. शाळेत शिकवतात. सर्वेशची गाडी त्याच मॉडेलची, तसलीच पांढरी. काम साधंच, ब्रेकचं. मी चावी फिरवली आणि सवयीने नव्हे, पण का कोण जाणे, मीटरकडे पाहिलं. तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, ब्रेकचा लागला. इंजिनाचा लागला नाही.

जो दिवो पेटणाच नाय, तो खोटा बोलता.

मी मीटर बाहेर काढला. त्या दिव्याच्या जागी बल्ब नव्हता, नुसतं भोक होतं, आणि भोकावर काळ्या चिकटपट्टीचा एक चौकोनी तुकडा. कात्रीने कापलेला, चारही कोपरे गोल केलेला. कोपरे गोल करायची खोड डिचोलीत एकाच माणसाला आहे. तो मी.

स्कॅनरची पिन घातली. पी शून्य सहाशे तीस. कॉम्प्युटरातला नंबर वाचायच्या आधीच मला तो माहीत होता. एकेचाळीस बहात्तर. चार वर्षांत हा आकडा मी इतक्या वेळा रागाने बोललो होतो की माझ्या स्वतःच्या फोनचा नंबर इतका पाठ नसेल. मग बॉनेट उघडलं. पत्र्यावर साठ अडतीस.

म्हणजे सर्वेशचा कॉम्प्युटर कमलबाईंच्या गाडीत होता, आणि कमलबाईंचा सर्वेशच्या. अदलाबदल. ती कुणी केली हे आठवायला मला फार वेळ लागला नाही, हीच त्यातली लाज आहे. आठवत होतंच. फक्त तिकडे बघितलं नव्हतं.

देवीपुढे नारळ ठेवायच्या दोन वर्षं आधी नदी गॅरेजात शिरली होती. दुरुस्तीला आलेल्या नऊ गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी. गोकुळदास तेव्हा चतुर्थीसाठी लवकर गावी गेला होता आणि रस्ते बंद म्हणून तिकडेच अडकला होता. मी एकट्याने नऊ गाड्यांचे कॉम्प्युटर काढले. वाळवायचे कुठे? ऊन नाही, वीज नाही. मग शेजारच्या पोदेराची भट्टी सुचली. पाव काढून झाल्यावर भट्टीचा माथा दुपारभर कोमट राहतो. फळीवर नऊ डबे मांडले, प्रत्येकावर खडूने गाडीचा नंबर लिहिला आणि माझ्याच अकलेवर खूश होऊन घरी जेवायला गेलो. आलो तर पोदेराने सगळे डबे फडक्याने स्वच्छ पुसून ठेवलेले. बिचाऱ्याला वाटलं, पीठ उडालंय. पिठाबरोबर माझा खडूही गेला.

सात डबे आकारावरून ओळखले. दोन मात्र एकाच मॉडेलचे, हुबेहूब: सर्वेशचा आणि कमलबाईंचा. मी अंदाजाने एक इकडे घातला, एक तिकडे. जुन्या साध्या गाड्या, चावीत चिप वगैरे नाही, त्यामुळे दोन्ही सुरू झाल्या. सुरू झाली म्हणजे झालं! पण दोन्हीत इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. जुना स्कॅनर प्रश्नचिन्ह दाखवत होता. पुसला की कोड परत यायचा. ओल धरली असेल, म्हटलं, आणि दोन्ही मीटरांतले बल्ब काढून टाकले. दिवा गेला, गिऱ्हाइकाची तक्रार गेली. हे आमच्या धंद्यात सगळे करतात. सगळे करतात म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

आणि मग गोकुळदासाने सर्वेशच्या मीटरात बल्ब घातला. कारण त्याला खोटं बोलणारा दिवा बघवत नव्हता.

तो ओरडून सांगत होता की बल्ब नव्हता. ओरडून नाही, तो कधी ओरडलाच नाही. दोनदा सांगितलं त्याने. इंजिनाचा दिवा मुद्दाम काढणारा माणूस त्या गॅरेजात एकच होता आणि ते त्यालाही ठाऊक असणार. एका वाक्यात तो मला उघडा पाडू शकला असता. फळीवर टाकलेला जुना कॉम्प्युटरही चार वर्षं तिथेच धूळ खात होता. त्याच्या पोटात साठ अडतीस लिहिलेलं. यंत्राने मला नंबर दिला होता, तो कुणाचा हे मी विचारलंच नव्हतं. कोडने एवढंच सांगितलं होतं की ओळख जुळत नाही. चोर हा शब्द माझा होता.

कमलबाईंना सगळं सांगून टाकलं, सर्वेशलाही फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. घरी आलो. रत्नाने वरच्या फळीवरचा डबा काढला. त्यात पोदेराकडचे ताजे गोल पाव, उंडे, घातले. त्याच पोदेराचे. मी म्हटलं, आता ज्यांचा डबा आहे त्या तर... ती म्हणाली, "डबो त्येंच्या घराचो असा. रिकामो नेव नकात."

गोकुळदासाचं घर पेडण्याकडे विर्नोड्याच्या पुढे, काजूच्या चढावर. तो बाल्कांवात, दारापुढच्या पडवीत बसून माडाच्या चुडताचे हीर सोलत होता. केरसुण्या बांधून विकतो, असं नंतर कळलं. त्याच्या मागे भिंतीवर विजेचा बोर्ड एका खिळ्यावर लोंबत होता, वायरी उघड्या. तो बोर्ड पाहून मला जे वाटलं ते वहिनीचा हार घातलेला फोटो पाहूनही वाटलं नाही.

"गोकुळबाब," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. चष्म्याची काडी अजून पट्टीने बांधलेलीच. "बस," म्हणाला. डबा घेऊन शेजारी ठेवला, उघडला नाही.

मी सांगायला लागलो. नदी, भट्टी, खडू, पोदेराचं फडकं, दोन बल्ब, चिकटपट्टीचे गोल कोपरे. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. तो शिव्या देईल, उठून आत जाईल, डबा अंगावर फेकेल, सगळ्याची मनाची तयारी करून गेलो होतो. तो हातातला हीर न सोलता ऐकत राहिला.

"म्हणजे तां माझ्या हातसून झाला नाय?" त्याने विचारलं.

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण तो खरंच विचारत होता.

"नाय, गोकुळबाब. माझ्या हातसून झाला."

"मशीन खोटा बोलणा नाय, असा तूच म्हटलंस," तो म्हणाला. "आणि नारळार हात ठेवन तू पण सांगितलंस. तू देवीसमोर खोटा बोलशीत असा माका वाटाक नाय. मगे रवलो कोण? मीच. सारखो आठवी, त्या दिवशी काय केलंय, खंयचो डबो खंय लावलंय. आठवणा नाय. माझ्याच हातसून कायतरी झाला असतला आणि माका कळाक नाय, असा धरून चललंय. मगे कोणाच्या वायरीक हात लावूचो धीर होईना."

त्याने बोर्डाकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"चंद्रावती आजारी पडली तेव्हा मी जाणलंय. गुरवान म्हटल्यान तां. खोट्याच्या घरात बघ. त्या दिसापासून देवळाची पायरी चढूक नाय. खालसूनच हात जोडतंय."

दोन वर्षं हा माणूस बायकोच्या मरणाचा दोष स्वतःच्या हातांना देत इथे बसला होता, आणि मी डिचोलीत चोराच्या दारात कशाला म्हणत होतो. मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने माझे हात मध्येच धरले. हिरांनी चिरलेली, खरखरीत बोटं.

"तुझो नारळ खरो होतो," मी म्हणालो. "वैनी त्यान गेली नाय. तुझो खरो होतो, गोकुळबाब."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तो पुसतही नव्हता. मग अचानक त्याची माझ्या हातावरची पकड घट्ट झाली आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलो.

"मगे खोटो तुझो," तो म्हणाला.

मी मान हलवली. आता येईल ते येऊ दे, असं वाटलं. आलं तर बरंच होईल.

"रत्ना बरी असा मा रे?"

"बरी असा," म्हणालो.

"नक्की? काय दुखणाखुपणा नाय मा?" आणि उत्तराची वाट न बघता तो उठला, आत गेला. खुंटीवरचा शर्ट ओढून घालतच बाहेर आला, गुंड्या वरखाली लागलेल्या. "चल, ऊठ. तुझ्या त्या सातेरीकडे जावया, आत्ताच. गुरवाक सांगून तुझो नारळ उतरून घेवक व्हयो, म्हणजे शपथ सुटतली. मी सांगतंय देवीक, हेका म्हायत नाय होता म्हणान."

ज्याने दोन वर्षं देवळाची पायरी चढली नव्हती, तो माणूस माझ्या बायकोसाठी चपला शोधत होता. एक सापडली, दुसरी बाल्कांवाखाली गेली होती. तो गुडघ्यांवर बसून, हात लांब करून ती काढत होता आणि मला पुन्हा पुन्हा म्हणत होता, ऊठ रे, उशीर नको. मला मात्र उठता येत नव्हतं.